चौथा डबा

मला राग लवकर येतो आणि उशिरा उतरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे आणि तो आता कुणाच्या पदरात टाकता येणार नाही.

भूमिकाने मला दगा दिला, असं मी अकरा महिने मानत होते. नुसतं मानत नव्हते, जपत होते. सकाळी भिलाईहून दुर्गला कॉलेजात जाताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की तो दगा मनातल्या मनात पुन्हा एकदा उलगडून बघायचा, हा माझा रोजचा कार्यक्रम होता.

भूमिका दुर्गजवळच्या उतई गावची. तिच्या वडिलांची तिथे शेती आहे, धान आणि थोडा गहू. मी प्रेरणा, भिलाईतल्या खुर्सीपारची. आजोबा भंडाऱ्याकडून पोलादाच्या प्लांटच्या कामाला आले आणि इथलेच झाले. बाबांनी ठेकेदाराच्या हाताखाली कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर सत्तावीस वर्षं काढली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दुर्गच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये रेणू मॅडमच्या हाताखाली आम्ही दोघी एकाच आठवड्यात पीएचडीला लागलो. पहिल्याच महिन्यात मी तिच्याशी एका मोडक्या तराजूवरून भांडले, ती हसत बसली, आणि भांडायला कुणी उरलंच नाही म्हणून आमची मैत्री झाली.

त्याच वर्षी तिने मला भोजली केलं. राखीच्या आधी बायका टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. उजेड नसल्यामुळे रोपं हिरवी न होता पिवळीधमक उंच वाढतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या तलावावर नेतात, मुळं धुतात आणि जिच्याशी जन्माचं नातं जोडायचं तिच्या कानामागे ती पिवळी रोपं खोचतात. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भोजली' अशीच, मरेपर्यंत.

कानामागे रोपं खोचून मी घरी आले तेव्हा आईने तोंड वाकडं केलं होतं. आपल्या घरात असलं काही नसतं, विहारात कुणी पाहिलं तर काय म्हणतील, असं बरंच बोलली. बाबांनी एक रोप हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, यात देव कुठं हाये, गहूच तं हाये. तिथे विषय मिटला. पुढे भूमिका आमच्याकडे आली की दारातूनच "जय भीम, भोजली" म्हणायची, आणि आईला तिचं इतकं कौतुक वाटायला लागलं की मला अधूनमधून हेवा वाटायचा.

माझा विषयही गहूच होता. गव्हाचा दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते सालीखालच्या पातळ थरापर्यंत पोचलं की तो थर अमायलेज हे विकर तयार करायला लागतो. अमायलेज दाण्यातल्या पिठाची साखर करतं आणि त्या साखरेवर अंकुर वाढतो. ॲबसिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक नेमकं उलट वागतं, दाण्याला थांबवून धरतं. कापणीला आलेल्या गव्हावर अवकाळी पाऊस पडला की दाणे ओंबीतच उगवतात आणि शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही. माझा प्रश्न असा होता की रुळांच्या कडेला माजणाऱ्या गाजरगवताच्या पानांत अमायलेजला आवर घालेल असं काही आहे का.

त्यासाठी दाण्यांचे चार गट. एक जिबरेलिनमध्ये, एक ॲबसिसिक आम्लात, एक गाजरगवताच्या अर्कात आणि चौथा साध्या पाण्यात. तीन दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे, मग ते वाटून त्यांचा रस स्टार्चच्या थाळीतल्या भोकांत भरायचा. नंतर आयोडिन ओतलं की थाळी निळीकाळी होते, पण अमायलेजने जिथलं स्टार्च खाल्लं तिथे स्वच्छ गोल उरतो. गोल मोठा तेवढं विकर जास्त. साध्या पाण्यातला चौथा गट म्हणजे कंट्रोल. बाकी तिघांना त्याच्याशी ताडून पाहायचं असतं, त्यामुळे तो चुकला की सगळंच मुसळ केरात.

गहू भूमिकाच्या वडिलांनी दिला, एप्रिलमध्ये, नुकता निघालेला, चांगला वीस किलो. लॅबच्या कपाटात उंदरांनी आधीच्या बियाण्याचा फडशा पाडलेला असल्यामुळे मी तो घरी ठेवला. प्रत्येक गटाचा गहू आधीच वेगळा करून चार स्टीलच्या डब्यांत भरायचा, ही माझी हुशारी. एकाच डब्यातून चारही गटांचे दाणे घ्यायला हवे होते हे मॅडम नंतर बोलल्या, पण ते नंतर. डब्यांवर मी काळ्या मार्करने ठळक नावं घातली: जिबरेलिन, ॲबसिसिक, गाजरगवत, कंट्रोल. आईला वाचता यावं आणि तिने हात लावू नये म्हणून मुद्दाम मराठीत.

जूनमध्ये दोन वेळा भराभर प्रयोग केला. त्यासाठी चारही डब्यांतले मूठमूठ दाणे मी एप्रिलमध्येच लॅबला नेऊन बरण्यांत ठेवले होते. दोन्ही वेळा झकास. कंट्रोलचे शंभरातले पंच्याण्णव दाणे उगवले आणि गाजरगवताचे साठ, थाळीवरचा त्यांचा गोलही निम्म्याने लहान. मॅडम खूश होत्या. त्यांच्या नव्या प्रोजेक्टमध्ये फेलोची एक जागा निघणार होती आणि ती आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर विनोद करायचो. जिला मिळेल तिने दुसरीला समोसे खाऊ घालायचे, असं ठरलं होतं.

त्याआधी, मेच्या सुरुवातीला कधीतरी, भूमिका आमच्याकडे जेवायला आली होती. पोळीचा पहिला घास खाऊन म्हणाली की ही पोळी अगदी आमच्या घरच्यासारखी लागते. आई हसली आणि तिला अजून एक वाढली. मला वाटलं, आईला खूश करतेय.

सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा प्रयोग करायची वेळ आली आणि मी तापाने पडले. लॅबमधल्या बरण्या रिकाम्या झाल्या होत्या. आईने घरच्या डब्यांतून चार पुड्या बांधल्या, भूमिका येऊन घेऊन गेली आणि माझं काम तिने केलं. पाचव्या दिवशी मी लॅबमध्ये पोचले तर ती थाळ्या मांडून उभी होती. कंट्रोलचे शंभरातले अठ्ठेचाळीस दाणे उगवले होते. त्याचा गोल गाजरगवताच्या गोलापेक्षा लहान होता. म्हणजे साधं पाणी विषापेक्षा वाईट निघालं. माझ्या दोन वर्षांच्या कामावर आयोडिन ओतल्यासारखं झालं.

तिने पुडीतले उरलेले दाणे तळहातावर घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"ये गहू हमर नोहय, भोजली."

हा आमचा गहू नाही. दाणा बारीक आहे, रंग मेलेला आहे, दोन-तीन दाण्यांना किडीची भोकं आहेत. बाबांचा गहू मी झोपेतही ओळखेन, असं ती सांगत होती आणि माझं डोकं भलत्याच दिशेला धावत सुटलं होतं. मी दाण्यांकडे पाहिलंही नाही. गहू बदलला आहे, हे हिला इतकं खात्रीने कसं माहीत? बदलणाऱ्यालाच माहीत असणार. पुड्या हिच्या हातात, लॅबची किल्ली हिच्याकडे, प्रयोग हिने केला आणि फेलोची जागा एकच.

घरी येऊन मी बॅग फेकली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ओकले. माझा कंट्रोलचा गहू बदलला, म्हटलं, भूमिकाने बदलला, कानामागे गहू खोचून माझा गळा कापला. 'भोजली' म्हटलं नाही, नाव घेतलं. नियम मोडला तो मी मोडला, हे लिहून ठेवते. बाबा म्हणाले, शांत हो. आई गॅसजवळ होती. थोड्या वेळाने तिने एवढंच विचारलं, "तिनंच केलं, हे पक्कं हाये का?"

पुड्या दुसऱ्या कुणाच्या हातात होत्या, असं मी तिच्यावरच ओरडले. तव्यावरची पोळी करपली तरी तिने उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना लेखी तक्रार दिली. त्यांनी भूमिकाला माझ्यासमोर बोलावलं. तिने काही कबूल केलं नाही आणि कुणावर काही ढकललंही नाही. गहू वेगळा आहे एवढंच ती पुन्हा सांगत राहिली, आणि जितक्या वेळा तिने सांगितलं तितकी ती मला दोषी वाटत गेली. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू बता, भोजली." मी आयोडिनच्या बाटलीकडे पाहत राहिले.

तिला लॅब सोडावी लागली. जाताना तिने आपला ॲप्रन तेवढा घेतला. वडिलांचा उरलेला गहू परत मागितला नाही.

जागा मला मिळाली. समोसे कुणी कुणाला खाऊ घातले नाहीत. बियाण्याच्या दुकानातून नवा गहू आणून मी प्रयोग पुन्हा केला आणि जे हवं होतं तेच आलं: गाजरगवताचा अर्क अमायलेजला खरोखरच आवर घालतो. रायपूरच्या परिषदेत मी ते मांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आभाराच्या यादीत मी लॅबच्या शिपायाचंही नाव घातलं होतं, तिचं नव्हतं. इतकं सगळं मिळूनही आत काहीतरी सतत जळत होतं. परक्याने लुबाडलं तर माणूस चार दिवस हळहळतो, पण जिच्या पुढ्यात आपण आपला वेडेपणाही उघडा ठेवला होता तिनेच हे करावं, याचं दुःख संपत नव्हतं. एवढ्या दिवसांत आईने तिचं नाव एकदाही काढलं नाही. आईलाही माझ्याइतकंच लागलंय, असं मी समजत होते.

यंदाच्या ऑगस्टमध्ये नव्या बियाण्यासाठी मला ते चार डबे हवे होते. स्टूलवर चढून मी ते फळीवरून काढले. जिबरेलिन, ॲबसिसिक, गाजरगवत ही तीन नावं होती तशी होती, थोडी फिकी झालेली. चौथ्या डब्यावर काहीच नव्हतं. नाव होतं तिथे तारेच्या घासणीचे ओरखडे होते, एकावर एक, पत्रा पांढरा पडेपर्यंत.

मी डबा घेऊन खाली उतरले. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. या डब्यावरचं नाव कुणी काढलं, विचारलं. मान वर न करता तिने सांगितलं की तिनेच. काहून, म्हणून विचारलं. ती तांदळातून बोट फिरवत राहिली.

"त्याच्यावर कंट्रोल लिवलं होतं," आई म्हणाली.

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर, कंट्रोलचा गहू. लहानपणी पिशवी घेऊन मी त्या रांगेत कितीदा उभी राहिले होते. आणि तोच शब्द, आईला वाचता यावा म्हणून, मी माझ्या हाताने ठळक अक्षरात डब्यावर लिहिला होता.

मग ती सगळं बोलली, एका सुरात, पाठ केल्यासारखं. एप्रिलच्या शेवटी घरातला गहू संपला होता. बाकीच्या तीन डब्यांवरची नावं तिला खायच्या वस्तूंची वाटली नाहीत, म्हणून त्यांना तिने हात लावला नाही. चौथा डबा कळला. बाबांनी रेशन आणून भरून ठेवलं असेल असं तिला वाटलं. पंधरा दिवस आम्ही त्याच्या पोळ्या खाल्ल्या. पुढच्या महिन्यात रेशनचा गहू आला तो तिने त्याच डब्यात भरला, कारण नाव त्याचंच होतं. भूमिकाने आपल्या वडिलांचा गहू एका घासात ओळखला होता आणि आम्ही तिला दुसरी पोळी वाढली होती.

"पुड्या बांधताना मी तुले इचारलं," आई म्हणाली. "कंट्रोलचाबी देऊ का म्हून. तू म्हणाली, तोच तं सगळ्यात महत्त्वाचा."

तापात मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण ते मीच बोलले असणार, ते वाक्य माझंच आहे.

"तुले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. तू दारात उभी राहून बोलून राहिली होती तवा."

त्याच दिवशी. मी मॅडमना लिहून द्यायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती ती. मधे एक अख्खी रात्र होती आणि सकाळचा चहा होता. मी समोर बसून चहा प्याले होते, तिने मला डबा भरून दिला होता आणि मी भूमिकाचं आयुष्य उधळायला घरातून निघाले होते. ते आठवलं आणि माझा तोल गेला. सांगितलं काहून नाही, एवढं विचारताना आवाज फाटला.

"सांगीन म्हटलं संध्याकाळी. संध्याकाळी तू आली तं लिवून देऊन आली होती." आईने सूप बाजूला ठेवलं. "मंग म्हटलं, आता बोलली तं तुह्यावरच येईल. तिच्या बापाजवळ वावर हाये. तुह्याजवळ हे एकच होतं, पोरी. मी नाव घासून काढलं आन् गप बसली."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तू मला फसवलंस, म्हटलं. अकरा महिने माझ्या पानात वाढत राहिलीस आणि फसवत राहिलीस. आई एकही शब्द उलटून बोलली नाही. खरं सांगायचं तर तिने भांडावं असं मला वाटत होतं, कारण ती गप्प राहिली तसतसं माझ्या लक्षात यायला लागलं की हे सगळं बोलणं भूमिकाने माझ्याशी बोलायला हवं आहे. आई घाबरून गप्प बसली. मी तर न घाबरता, सही करून, खोटं लिहून दिलं होतं. बाबा बाहेरच्या खोलीत होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले.

तीन दिवसांनी मी उतईला गेले. बॅगेत मॅडमना लिहिलेलं पत्र होतं, सगळं खरं लिहिलेलं. ते दिलं की माझी जागा जाणार, कदाचित पीएचडीही लांबणार, हे मला ठाऊक होतं. पण आधी तिला दाखवायचं होतं. बसमध्ये मी पहिलं वाक्य घोळवत होते आणि ते 'भोजली'ने सुरू होत होतं.

ती नुकतीच शाळेतून आली होती. गावातल्या एका खाजगी शाळेत शिकवते आता. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं. खोलीच्या कोपऱ्यात घोंगडीखाली झाकलेली टोपली होती. राखी चार दिवसांवर आली होती. मी सांगायला सुरुवात केली आणि पुढची दहा मिनिटं थांबले नाही. कंट्रोलचा डबा, आईची पोळी, घासणीचे ओरखडे. रेशनचा गहू ऐकला तेव्हा तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले. मी रडले. माफ कर म्हटलं. पत्र तिच्या हातात दिलं.

तिने ते शांतपणे वाचलं, लॅबमध्ये आम्ही एकमेकींचं लिहिलेलं वाचायचो तसंच, ओळीखाली बोट ठेवून. एका जागी ती थांबली. मी लिहिलं होतं की बदललेल्या गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन घेतलेलं नाही. तिने शाळेच्या पिशवीतून लाल पेन काढलं, 'घेतलेलं नाही' खोडलं आणि वर लिहिलं: चौतीस ग्रॅम. मूळ गहू एकेचाळीस.

वजन तिने त्याच दिवशी घेतलं होतं, असं तिने हिंदीत सांगितलं. लॅबच्या वहीत नोंदही आहे, पान सत्त्याऐंशी. दोन गहू वेगळे आहेत याचा पुरावा म्हणून घेतलं होतं. तिला वाटलं होतं, मी वही उघडेन.

ती वही अकरा महिने माझ्याच टेबलावर होती.

मी पुन्हा बोलायला लागले, पण तिने पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, रागाचं सगळं मला ठाऊक आहे. तिने कप माझ्यापुढे ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि घरी आलेल्या कुठल्याही पाहुणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"चाहा पी ले, प्रेरणा. बस छूट जाही."